आई जाताना ‘येते’ म्हणाली होती: कादंबरीतल्या मुलांनी किती रडावं?

एका कादंबरीकाराने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीत तीन भावंडं आहेत. थोरली चौदाची, मधला नऊचा, धाकटी पाचची. गोष्ट थोरली सांगते. पहिल्याच प्रकरणात आई घर सोडून जाते आणि का गेली ते मुलांना कोणी सांगत नाही. दीडशे पानं झाल्यावर लेखकाने दोघांना वाचायला दिली. एकीचं म्हणणं पडलं, मुलं फार रडकी झालीत. दुसऱ्याचं म्हणणं, मुलं दगडाची आहेत, त्यांना आईची आठवणच येत नाही. तर आता दुःख वाढवायचं की कमी करायचं? आणि शेवटी आईला परत आणायचं का?

मी वीसेक वर्षं कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांवर संपादक म्हणून काम करते आहे, आणि त्यातली बरीच वयात येणाऱ्या मुलांची होती. या प्रकारात आई नसलेली मुलं सारखी भेटतात. कारण उघड आहे. आई बाजूला केली की मुलांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावे लागतात आणि कथानक आपोआप हलायला लागतं. ही लेखकाची सोय आहे, हे आधी मान्य करून टाकू. त्यात वाईट काही नाही. पण सोयीसाठी आईला घराबाहेर काढलं आणि तिच्या नसण्याचा हिशेब पुस्तकात कुठेच मांडला नाही, तर ते वाचकाच्या लक्षात येतं.

तुमचे दोन्ही वाचक बरोबर आहेत आणि दोघंही एकाच दोषाबद्दल बोलतायत. तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या पानांत तिघं रात्री एका पलंगावर बसून रडतात. तिघांचं दुःख एकसारखं, एकाच वेळी, एकाच भाषेतलं. पहिल्या वाचकाच्या डोक्यात तो पलंग राहिला. दुसऱ्याच्या डोक्यात पलंगाआधीची आणि नंतरची पानं राहिली, जिथे आईचा मागमूस नाही. प्रमाण कमीजास्त करून हे सुटणार नाही. दुःखाची तिघांत वाटणी करावी लागेल, आणि ती वाटणी असमान असावी लागेल.

त्याआधी एक गोष्ट नक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आई ‘नाही’ म्हणजे नेमकी कशी नाही?

मराठीत ‘आई गेली’ या दोन शब्दांतच सगळी गोची आहे. गेली म्हणजे वारली आणि गेली म्हणजे निघून गेली. तुमच्या धाकटीने वर्गात ‘माझी आई गेली’ म्हटलं तर बाई तिला जवळ घेतील, मुलं गप्प होतील, कोणीतरी आपला खोडरबर तिला देऊन टाकेल. आज सगळे इतके चांगले का वागतायत ते तिला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी ती तेच वाक्य पुन्हा म्हणून बघेल. हा प्रसंग हवा असेल तर घ्या, माझा त्यावर हक्क नाही.

आई वारली असेल तर जगाला कसं वागायचं ते माहीत असतं. लोक येतात, बसतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात. आई निघून गेली असेल तर कोणी भेटायला येत नाही, आणि आलंच तर आवाज खाली आणून बोलतं. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना, अशा हरवण्याला वेगळं नाव दिलं. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. माणूस समोर नाही, पण मनातून गेलेला नाही. त्याची उलट बाजूही बॉस यांनी मांडली: माणूस घरात आहे, पण मनाने तिथे नाही. खोल नैराश्यात असलेली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलेली आई हीसुद्धा मुलांसाठी नसलेली आईच असते. तशी कादंबरी मला फार कमी वेळा वाचायला मिळाली, आणि त्याची खंत आहे.

तुमच्या पुस्तकातलं दार उघडं आहे. उघड्या दारासमोर शोक करता येत नाही, कारण शोक केला म्हणजे ती येणार नाही हे कबूल केलं. म्हणून ही मुलं वाट बघतील. वाट बघण्याला बारीकसारीक कृती असतात: तिच्या खुर्चीत पाहुण्याला बसू न देणं, बेल वाजली की कोण आलं हे न विचारता आधी पायांकडे बघणं, घर बदलायचं म्हटल्यावर मधल्याने अंगात ताप भरेपर्यंत विरोध करणं. शिवाय लोकांना काय सांगायचं हा प्रश्न रोज येतो. तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं ठरवलेली असतील. एक जण म्हणेल कामासाठी गेली आहे, एक म्हणेल आजीकडे आहे. ही उत्तरं एकाच शेजाऱ्याच्या कानावर पडली की तुमचं एक प्रकरण तयार आहे.

आता वयाकडे येऊ, कारण वाटणी तिथूनच सुरू होते.

पाच वर्षांच्या मुलीसाठी मरण आणि दूर जाणं यांत फार अंतर नसतं. मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी हंगेरीतल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मरणाबद्दल बोलून १९४८ मध्ये जे मांडलं, त्यात लहान वयाची मुलं मरणाला एक प्रकारचा प्रवास किंवा झोप समजत होती. गेलेलं माणूस दुसरीकडे कुठेतरी राहतच होतं. त्यांचे सगळे निष्कर्ष पुढे जसेच्या तसे टिकले नाहीत. पण कायमचं म्हणजे काय हे लहान मुलाला उशिरा कळतं, एवढं कोणीही मुलांबरोबर राहिलेला माणूस सांगेल. म्हणून धाकटी एकच प्रश्न पंचवीस वेळा विचारेल. पहिल्यांदा विचारेल तेव्हा वाचकाला वाईट वाटेल. नवव्यांदा विचारेल तेव्हा थोरलीला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटेल. लिहिण्यासारखी वेळ ती नववी आहे.

धाकटीचं दुःख तुम्हाला खेळात दिसेल. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२० मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ नोंदवून ठेवला आहे. आई काही तास बाहेर गेली तरी हा मुलगा रडत नसे. शहाणं बाळ. पण दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो पाळण्याच्या काठापलीकडे फेकायचा, ते दिसेनासं झालं की ‘गेलं’ अशा अर्थाचा आवाज काढायचा, आणि ओढून परत आणलं की खुशीत ‘हे बघ’ म्हणायचा. फ्रॉइडने त्यावरून पुढे काढलेले अर्थ बाजूला ठेवले तरी लेखकाला यातून फार मोठी गोष्ट मिळते: न रडणारं मूल काहीतरी करत असतं. तुमच्या दुसऱ्या वाचकाला दगड वाटलेली मुलं नेमकं काय करतायत, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

धाकटीजवळ एखादी वस्तूही असेल, समजा आईची एक ओढणी. विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५३ च्या आपल्या लेखात मुलांच्या अशा लाडक्या चिंधीबद्दल, बाहुलीबद्दल लिहिताना एक व्यवहारी निरीक्षण केलं आहे. आई ती वस्तू मळू देते, वास येऊ देते, कारण धुतली तर मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं हे तिला ठाऊक असतं. आता तुमच्या घरात हे ठाऊक असलेली बाईच नाही. चांगल्या मनाच्या मावशीने ती ओढणी धुऊन, वाळवून, घडी करून उशाशी ठेवली, एवढंच लिहा. धाकटी काय करते ते मला तुमच्याकडून वाचायचं आहे.

नऊ वर्षांचा मुलगा माझा आवडता. या वयात मूल नियमांवर जगतं. खेळात कोणी नियम मोडला तर ते तासभर भांडू शकतं. आणि मराठीत आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तुमच्या पहिल्या प्रकरणात आई जाताना काही बोलतच नाही. तिला ‘येते’ म्हणू द्या. मोठ्या माणसांच्या लेखी तो उंबरठ्यावरचा एक शब्द आहे, मधल्याच्या लेखी तो करार आहे. तो दिवस मोजेल, चुकू नये म्हणून वहीच्या मागच्या पानावर रेघा मारेल, वही संपली की नवी वही न मागता त्याच पानावर आडव्या रेघा मारेल. अपराधाची भावनाही याच वयात घर करते, कारण कारण शोधायची अक्कल आली आहे आणि सगळी कारणं स्वतःपाशी येऊन थांबतात. आदल्या दिवशी आपण तिला उलट बोललो होतो. दूध सांडलं होतं. हे तो कोणालाही सांगणार नाही, आणि तुम्हीही वाचकाला थेट सांगू नका. तो अचानक अतोनात नीटनेटका झाला आहे एवढं दाखवा.

थोरलीबद्दल जास्त बोलावं लागेल, कारण बहुतेक लेखक इथेच घसरतात. चौदा वर्षांची मुलगी घर हातात घेते आणि सगळे म्हणतात, किती शहाणी पोर, अगदी आईची जागा घेतलीन. शेजाऱ्यांनी असं म्हणणं ठीक आहे. लेखकानेही तेच म्हटलं की पुस्तक संपलं. ती हे काम वाईट करत असली पाहिजे. भावंडांवर ओरडणारी, पैशांचा हिशेब चुकवणारी, एकदा हात उगारणारी. आणि मनातल्या मनात तिला हे सगळं थोडं आवडतही असलं पाहिजे. किल्ल्या तिच्याकडे आहेत. बाबा तिला विचारून गोष्टी ठरवतात. आई परत यावी असं तिला वाटतं आणि आई परत आली तर आपलं काय, असंही वाटतं. एका हस्तलिखितात मी लेखकाला एवढंच विचारलं होतं की ही मुलगी रात्री दार लावताना कडी कशासाठी तपासते, आत कोणी येऊ नये म्हणून की आई परत आली तर बाहेरून ढकलून बघेल म्हणून. त्याने ते प्रकरण सबंध नव्याने लिहिलं.

इथे जरा थांबून मागे बघू. दार उघडं आहे म्हणून ही वाट बघण्याची गोष्ट आहे. धाकटी खेळते, मधला मोजतो, थोरली राज्य करते. एवढं हाताशी आलं की पलंगावरचा तो प्रसंग तुम्हाला स्वतःलाच खोटा वाटायला लागेल.

आता कामाची युक्ती. नवीन लेखकाला मी पहिल्यांदा हाच अभ्यास देते. आई घरात जे करत होती, त्यातल्या कोणाच्याही लक्षात न आलेल्या चाळीस गोष्टी लिहून काढा. पहिल्या दहा सगळ्यांच्या सारख्या येतात: स्वयंपाक, कपडे, औषधं. पंधराच्या पुढे त्रास सुरू होतो, आणि तिसाव्याच्या आसपास तुमची आई, म्हणजे या पुस्तकातली आई, दिसायला लागते. नळ पूर्ण बंद व्हायला अर्धा वेढा उलटा द्यावा लागतो हे तिलाच माहीत होतं. धाकटीचे केस विंचरताना आधी टोकं सोडवायची, मग वर जायचं. मधल्याला खोटं बोलताना उचकी लागते. बाबांशी पैशांचं बोलायचं ते जेवणानंतर, आधी नाही. ही यादी पुस्तकात एका जागी येता कामा नये. दर दहाबारा पानांनी यादीतलं एक काम कोणीतरी विसरलेलं असतं, एवढंच घडू द्या. वाचकाला आई आठवते ती अशा वेळी. मुलांनाही.

नुसतं सांगून उपयोग नाही, म्हणून तुमच्या पानावरून उदाहरण घेते. तुमचं वाक्य साधारण असं आहे:

‘रात्र झाली. आईच्या आठवणीने तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. घर ओकंबोकं वाटत होतं. मी दोघांना कुशीत घेतलं.’

मी लिहिलं असतं तर काहीसं असं:

‘जेवताना धाकटीचा दात पडला. तो मुठीत धरून ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन आली, मग आतल्या खोलीत, मग गॅलरीत. काय शोधतेस गं, मी विचारलं. काही नाही. दात दप्तराच्या पुढच्या कप्प्यात राहिला. दोन दिवसांनी पेन्सिल शोधताना दादाला तो सापडला. त्याने कप्प्याची चेन पुन्हा लावून टाकली.’

यात ‘आई’ हा शब्द नाही. तो मुद्दाम टाळला आहे असंही वाटता कामा नये. मुलीला स्वतःलाच कळलेलं नाही की ती कोणाला दाखवायला निघाली होती. दादाला कळलंय. आणि तो बोलत नाही. दोन मुलांचं दुःख दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या वजनांचं. रडणं अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. एकदा रडू द्या, चुकीच्या जागी, क्षुल्लक कारणावरून, उशिरा. चपलेचा अंगठा तुटला म्हणून भर रस्त्यात.

मोठ्यांसारखं मुलांना सलग दुःखात राहता येत नाही. डबक्यात पाय घालावा आणि बाहेर उडी मारावी तसं ती दुःखात जातात आणि बाहेर येतात. सकाळी उलटी होईपर्यंत रडलेलं मूल दुपारी खिदळत असतं. लेखकाला हे लिहायला भीती वाटते, वाचक मुलांना निर्दय समजेल म्हणून. समजू द्या. मुलांना स्वतःलाही तशीच भीती वाटते. मावशीच्या विनोदावर मधला पोट धरून हसला आणि एकदम थांबला, तर त्या थांबण्यात अख्खं पान आहे. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण मोठ्यांनी केलेली आहे, मुलांनी नव्हे. मावशी जितकी चांगली, तितका मुलाला आपण फितूर झाल्याचा संशय जास्त. म्हणून तुमची ती दुष्ट आत्या काढून टाका. तिच्यावर राग काढणं फार सोपं आहे.

आणि कृपा करून नकार, राग, सौदेबाजी अशा दुःखाच्या पाच पायऱ्यांवर पाच भाग बेतू नका. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे त्या सगळ्या दुःखांना चिकटवल्या गेल्या. त्यावर बेतलेल्या हस्तलिखितात तिसऱ्या भागापासून मला पुढचं पान आधीच माहीत असतं.

आता मराठीची एक देणगी, जी तुम्ही वापरलेली नाही. ‘आईला हे आवडतं’ आणि ‘आईला हे आवडायचं’. या दोन वाक्यांमध्ये तुमची अख्खी कादंबरी बसते. आई गेल्यावर पहिले काही महिने घरात सगळे वर्तमानात बोलतील: आई अशी म्हणते, आई तसं करते. मग एक दिवस कोणाच्या तरी तोंडून ‘म्हणायची’ निघून जाईल. कोणाच्या, हे ठरवा. माझं मत विचाराल तर थोरलीच्या, आणि तेही घरात नाही, बाहेरच्या माणसाशी बोलताना, सहज. शेजारी मधला उभा असेल. ‘आवडायचं नाही, आवडतं,’ एवढंच तो म्हणेल, आणि घरी जाईपर्यंत तिच्याशी चकार शब्द बोलणार नाही. तुमच्या पानांत निवेदिका पहिल्या ओळीपासून ‘आई म्हणायची’ लिहिते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, पण त्यामुळे ही घटना घडायला जागाच उरत नाही. पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात वर्तमानाची रूपं ठेवून बघा.

यालाच लागून आठवणींचं भांडण येतं. तीन भावंडांच्या तीन आया असतात. थोरलीला चौदा वर्षांची आई आठवते, तिची भांडणंही. मधल्याला नऊ वर्षांची. धाकटीकडे जेमतेम दोन वर्षांचा साठा आहे आणि तोही रोज झिजतोय. चेहरा फोटोमुळे टिकेल, आवाज टिकणार नाही. म्हणून ती चोरी करेल. एका संध्याकाळी ती सांगेल, आई पावसात चिंब भिजून आली होती आणि आपण सगळे किती हसलो होतो. थोरलीला माहीत आहे की तेव्हा धाकटी जन्मलेलीही नव्हती. पहिल्यांदा असं होईल तेव्हा थोरलीने ती चूक दुरुस्त करावी. क्रूरपणे, सगळ्यांसमोर, तारीख सांगून. पुस्तकाच्या शेवटच्या भागात असाच प्रसंग पुन्हा येऊ द्या. या खेपेला ती गप्प बसेल, किंवा एखादा तपशील आपल्याकडून भरेल: ‘हो, आणि तुझा टॉवेल घेतला होता तिने पुसायला.’ ती मोठी झाली हे यापेक्षा वेगळं लिहावं लागणार नाही. आपली आठवण, जी तिच्याकडे एकटीकडे होती, ती तिने देऊन टाकली.

वयात येण्याची कादंबरी आणि दुःखी कादंबरी यांतला फरक मला इथे दिसतो. सुरुवातीला मुलं विचारतात, आई कधी येईल. पुढे विचारतात, का गेली. आणि फार पुढे, सगळी नाही, एखादंच मूल विचारतं की ही बाई होती तरी कोण. कोणीतरी अनोळखी माणूस आईचा उल्लेख कधी न ऐकलेल्या लाडक्या नावाने करतं, आणि थोरलीला धक्का बसतो की आपल्या आधी तिला चोवीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य होतं. हा क्रम नेमका असाच यावा असा नियम नाही. मधला ‘कधी’ वर अडकून राहिला तर तेही खरं आहे.

बाबांबद्दल थोडक्यात. तुमचे बाबा एकतर कामावर असतात नाहीतर दारात उभे. त्यांना एक काम द्या, जे त्यांना चांगलं जमतं आणि जे आईला जमत नव्हतं. बाकी जागा आपोआप भरेल.

आईला परत आणायचं का? याचं सरसकट उत्तर मी देऊ शकत नाही. ते ती का गेली त्यावर आहे, आणि ते फक्त तुम्हाला माहीत आहे. पण परत आणणार असाल तर शेवटच्या पानावर आणू नका. दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर आणा आणि मग उरलेल्या पानांत काय होतं ते बघा.

मुलांच्या वागण्याचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीला रुग्णालयातल्या आठ दिवसांत चित्रित केलं. त्या काळी आईवडिलांना फारसं थांबू देत नसत. रॉबर्टसन आणि मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा विभक्त मुलांच्या वागण्यात तीन अवस्था नोंदवल्या: आधी आकांत, मग खचून जाणं, आणि मग एक अलिप्तपणा, जो बघून मोठी माणसं म्हणतात, चला, रुळलं मूल. आई परत आल्यावर अशी मुलं धावत जात नाहीत. तोंड फिरवतात. कधी ओळखच दाखवत नाहीत.

मी आठ वर्षांची असताना माझी आई आजारपणामुळे पाच महिने दूर होती. ती परत येणार त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत होते. ती आली, आणि मी जिन्याखाली जाऊन सगळ्यांच्या चपला ओळीत लावत बसले. मोठ्या चपला आधी, लहान नंतर. तिने दोनदा हाक मारली. त्या वेळी मला काय वाटत होतं ते आजही नीट सांगता येत नाही, पण कोणती चप्पल कुठे होती ते सांगता येतं. म्हणून धावत येऊन गळ्यात पडणारी मुलं हस्तलिखितात आली की माझी पेन्सिल थांबते. तुमच्याकडे तिघं आहेत. धाकटी कदाचित परक्या बाईला बघतात तसं बघेल, मधला वही आणून रेघा दाखवेल, आणि थोरलीच्या हातात किल्ल्या असतील. त्या द्यायच्या की नाहीत?

आणणार नसाल तर एक विनंती, सगळं उलगडणारं पत्र सापडू देऊ नका. पत्राने लेखकाची सुटका होते, मुलांची नाही. आई का गेली हे निवेदिकेला खरोखर माहीत नसेल तर ते शेवटपर्यंत अर्धवट राहिलं तरी वाचक रागावत नाही. निवेदिकेला माहीत असूनही वाचकापासून लपवून ठेवलंत तर मात्र तो रागावतो आणि ते रास्त आहे. यातला मधला मार्ग मला आवडतो: मुलीच्या नजरेसमोर सगळं घडतं, तिला कळत नाही, वाचकाला कळतं. बाबांच्या औषधांच्या डब्यातली एक रिकामी जागा, आईची आधीपासून भरलेली एक पिशवी. मुलगी पिशवीचा रंग तेवढा सांगते.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलं आहे ते शेवटी घेते. चौदाची मुलगी त्याच वेळी सांगते आहे की चाळिशीची बाई मागे वळून बघते आहे, हे पानागणिक बदलतंय. ‘तेव्हा मला काय ठाऊक होतं’ असं वाक्य जिथे जिथे आहे तिथे चाळिशीची बाई आत शिरली आहे. तिला ठेवायचं असेल तर पहिल्या पानापासून ठेवा आणि तिचंही आज काहीतरी पणाला लागलेलं असू द्या. एव्हाना ती आईच्या जाण्याच्या वेळच्या वयाची झाली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ठेवायचं नसेल तर ती वाक्यं खोडा. खोडल्यावर पुस्तक बारा-पंधरा पानांनी कमी होईल आणि कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

राहता राहिलं आईच्या स्वतःच्या आवाजातलं एक प्रकरण, जे घालू का असं तुम्ही विचारता. लिहा जरूर. ती कोणत्या वाहनाने गेली, पिशवीत काय होतं, ‘येते’ म्हणताना तिच्या मनात काय होतं, सगळं लिहा. मग ते छापायच्या पानांतून काढून ठेवा, आणि मधल्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. त्याच्या वहीत अजून रेघांना जागा आहे.